मन बिघडलं की बेरीज का चुकते?

प्रश्न : ताई, मी बेळगावच्या खडेबाजारात साड्यांच्या दुकानात बिलं करते. सकाळी जाऊबाईंशी वाजलं की दिवसभर बेरजा चुकतात. गिऱ्हाइकानं कन्नडमधनं भाव विचारला तर पटकन उत्तर सुचत नाही. मी मठ्ठ होत चाललेय का?
– एक वाचक, वडगाव

उत्तर : अजिबात नाही गं. हिशोब करताना आकडे धरून ठेवायला मनात जागा फार थोडी असते. ‘त्या असं का बोलल्या’ हा विचार तिथं ठाण मांडून बसला, की हातचा निसटणारच. शिवाय उदास मनाला उदासच आठवतं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन बॉवर यांनी १९८१ मध्ये यावर लिहिलं आहे. म्हणून एक बिल चुकलं की तुला मागची चुकलेलीच आठवतात, बरोबर केलेली नाहीत. बेरजेपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते.

दुकानात बसण्याआधी सकाळचं भांडण जसंच्या तसं कागदावर उतरव. अशा दिवशी मोठी बिलं शेजारणीकडून तपासून घे. दोन आठवडे रोजच असं होत असेल, झोप-जेवणही उडालं असेल, तर डॉक्टरांना भेट. मनाच्या त्रासासाठी सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइनही मोफत आहे : १४४१६.