आधी टीसी की आधी अ‍ॅडमिशन?

प्रश्न : ताई नमस्कार, मी पुण्यात एफवाय बीकॉम केलं, सगळे विषय क्लिअर आहेत. आता वडिलांच्याकडून दुकान एकट्यानं होईना म्हणून सोलापूरला परत आलोय आणि इथंच एसवायला बसायचंय. पण इथलं कॉलेज म्हणतंय आधी टीसी आणा, पुण्याचं म्हणतंय तिकडं अ‍ॅडमिशन झाल्याचं पत्र दाखवा मग टीसी देतो, वर पुढच्या वर्षाची फी पण मागायलेत. हुतात्मा एक्सप्रेसनं जा-ये करून वैतागलोय ओ, काय करू सांगा की.
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : अरे, टीसीला अजून हात लावू नकोस. टीसी काढली की पुण्यातनं तुझं नाव गेलं, आणि इथं नाही म्हणाले तर वर्ष बोंबललं. आधी इथल्या कॉलेजात मार्कशीट दाखवून प्रोव्हिजनल अ‍ॅडमिशन मिळतंय का विचार, टीसी आणि मायग्रेशन (विद्यापीठ बदलायचं सर्टिफिकेट) अमुक तारखेपर्यंत देतो असं हमीपत्र लिहून दे, आणि 'जागा देत आहोत' एवढं तरी लेटरहेडवर घे. पुण्यातला क्लार्क त्या कागदावर हलतो, तोंडी सांगून नाही हलत.

दुसरं म्हणजे इंदापूर सोडून टेंभुर्णीत आलास की विद्यापीठच बदलतं. २००४ पासून सोलापूर जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ आहे, त्यामुळं नुसत्या टीसीवर भागत नाही, पुणे विद्यापीठाचं मायग्रेशन आणि इथल्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेची मंजुरी, दोन्ही लागतं.

खरी गोची क्रेडिटची. एबीसीत (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, क्रेडिट साठवायचं ऑनलाइन खातं) जमा झालेत म्हणजे जसेच्या तसे इकडं लागतील असं नाही, ते फक्त खातं झालं, कुठला पेपर धरायचा ते इथलं विद्यापीठ ठरवणार. अकाउंटन्सी, इकॉनॉमिक्सला सहसा अडत नाही, अडतं ते मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्हला (आवडीनं निवडायचा बाहेरचा विषय), कारण तू तिकडं घेतलेला मायनर इथल्या कॉलेजात शिकवतच नसतील. म्हणून फी भरायच्या आधी दोन्हीकडचे सिलॅबस काढून कॉमर्सच्या एचओडींच्या पुढ्यात ठेव आणि कुठला पेपर परत द्यावा लागेल ते लिहून घे. (हे कुणी करत नाही, मग एसवायच्या परीक्षा फॉर्मच्या वेळी रडत येतात.)

फीचं म्हणशील तर २०१८ ची यूजीसीची अधिसूचना सरळ आहे, ज्या सेमिस्टरला किंवा वर्षाला शिकणार त्याचीच फी आगाऊ घेता येते, आणि ओरिजिनल कागद अडवून ठेवता येत नाहीत. भांडत बसू नकोस, प्राचार्यांच्या नावानं अर्ज दे, खाली या अधिसूचनेचा उल्लेख कर, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर टाकून सही-शिक्क्याची पोच घे. पोच नसेल तर 'तुमचा अर्ज आलाच नाही' हे ऐकायची तयारी ठेव.

आणि महाडीबीटीची स्कॉलरशिप चालू असेल तर कॉलेज बदलल्याचं तिथंही बघून घे, नाहीतर रिन्यूअल अडकतं.