मुरुड, पण कुठलं?

प्रश्न : डिसेंबरात सासूबाईंना जंजिरा दाखवायचा म्हणून मुरुडला खोली घेतली. पैसे भरल्यावर पत्ता वाचला, तर तालुका दापोली! तिथून जंजिरा एका दिवसात होईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, खोली रद्द करू नका. पण जंजिरा एका दिवसात बसवूही नका, सासूबाईंचे हाल होतील.

दापोलीकडे एसटीत कंडक्टर होतो तेव्हा "एक मुरुड" म्हणणाऱ्या पाहुण्याला मी तिकीट देण्याआधी विचारायचो, "हर्णैजवळचं ना?" तरी एकदा चुकलंच. गर्दी होती, विचारायचं राहिलं. एक आजोबा नातवाला घेऊन उतरले. पोराच्या गळ्यात खेळण्यातली दुर्बीण. परतीच्या फेरीला ते दोघं थांब्यावरच बसलेले. पोरगं मला विचारतं, "काका, किल्ल्याची होडी कधी येणार?" अजून वाईट वाटतं.

जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात. अलिबाग, रेवदंडा, काशीद करत तिथे जातात. तिसरं मुरुड लातूर जिल्ह्यात. रेल्वेचं मुरुड स्टेशन तिथलं, तेव्हा गाडी शोधताना सांभाळा. पत्त्यातला पिनकोड बघायची सवय ठेवा : ४०२ ने सुरू झाला तर जंजिऱ्याचं, ४१५ ने तर आमचं, ४१३ ने तर लातूरचं.

किनाऱ्याने निघालात तर मध्ये दोन खाड्या लागतात. वेसवीला गाडी फेरीबोटीत चढवून बागमांडल्याला उतरा, श्रीवर्धनवरून दिघी गाठा, तिथून पुन्हा बोटीने आगरदांडा. रस्ता सुंदर आहे, पण बोटीची वाट बघण्यात वेळ जातो. म्हणून एक मुक्काम तिकडे करा आणि सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यात जा. दरवाजाशी होडी लाटांवर हलत असते आणि तशातच पायरीवर पाऊल टाकावं लागतं. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना आधी विचारा.

आमच्या मुरुडात मात्र दोन दिवस राहाच. हे महर्षी कर्व्यांचं गाव. दुर्गादेवीच्या देवळात निवांत बसा, हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघा. समोर पाण्यात दिसतो तो सुवर्णदुर्ग. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात हा आहे. जंजिरा सिद्दीचा, तो त्यात नाही. त्या दिवशी आजोबांना मी हर्णैला नेऊन हाच किल्ला दाखवला. पोरगं अंधार पडेपर्यंत दुर्बीण खाली ठेवेना.