चव्वेचाळीस डिग्री आणि पिवळी सँडल

मागच्या अंकात सहज एक ओळ लिहिली होती, की या उन्हाळ्यात तरी काळी चप्पल घेऊ नका, काहीतरी रंगीत घ्या. त्यावर इतके मेसेज आले की साडी-ब्लाउजचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच दिली नाहीयेत, कारण दोघींनी मुद्दाम कळवलंय की सासूबाई पण हाच अंक वाचतात.

ताई, मी जुळे सोलापूरला राहते, शाळेत शिकवते. पायात कायम काळी नाहीतर तपकिरी. रंगीत घ्यावीशी वाटते पण मग प्रत्येक ड्रेसवर वेगळी लागेल ना? बजेट हजारच्या आत, आणि रोज स्कूटीवर वापरायची आहे.

ही भीती सगळ्यांनाच असते आणि खरं सांगू का, उलटं आहे. उन्हाळ्यात आपण घालतो फिकं कॉटन, पांढरं, लिंबू कलर, आकाशी, आणि त्याखाली काळी चप्पल म्हणजे पायाशी डाग पडल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा मोहरीचा पिवळा घ्या. निळ्यावर जातो, पांढऱ्यावर जातो, गुलाबी, हिरवा, राखाडी कशावरही चालतो, माझी एकच मोहरी कलरची सँडल आहे आणि तिसरा उन्हाळा चाललाय तिचा, शाळेच्या ट्रिपपासून साखरपुड्यापर्यंत सगळीकडे जाऊन आलीय. दुसरा नंबर फिरोजीचा. लाल मात्र विचार करून घ्या, लाल हट्टी आहे, कपड्यात कुठंतरी त्याचा जोडीदार असला तरच गप्प बसतो, म्हणजे इरकलच्या पदरात लाल असतो ना, तिथं पायात लाल झकास दिसेल. कुर्त्याच्या रंगाला रंग जुळवत बसू नका, ते फार शाळेच्या गॅदरिंगसारखं दिसतं. ओढणीच्या काठातला एखादा बारीक रंग उचला, बास.

आता स्कूटीचं. इथं माझीच फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ३९९ ची पोपटी सँडल घेतली, दुकानाचं नाव नको, दुकानदार म्हणाला "घ्या की ओ ताई, आख्खा उन्हाळा जातंय बघा." तिसऱ्या दिवशी दुपारी स्कूटीच्या डिकीतून पिशवी काढली तर पट्टे हातात आणि तळ डिकीत! परत घेऊन गेले तर म्हणतो, "डिकीत कशाला ठेवलाव ओ." चिडले खूप पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. स्वस्त सँडलचा पट्टा तळाच्या दोन थरांमध्ये नुसता चिकटवलेला असतो, शिवलेला नसतो, आणि तो गोंद गरम झाला की मऊ पडतो. बाहेर ४३-४४ असताना उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काय भट्टी असते ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून दुकानात रंग बघून झाला की सँडल उलटी करा. पट्टा तळात शिरतो तिथं कडेनं शिवण दिसतीय का बघा, नसेल तर पट्टा धरून जरा ओढा, फट पडली की ठेवून द्या खाली. मग पुढचं टोक आणि टाच धरून वाकवा. आपली बोटं जिथं दुमडतात तिथंच चप्पल वाकली पाहिजे. मधोमध वाकली तर संध्याकाळी पोटऱ्या बोलतील, आणि अजिबातच वाकली नाही तर ती घालून चालायचं नाही, लग्नाच्या फोटोला उभं राहायचं फक्त. तळ पांढरा नको, आपल्या धुळीत दोन दिवसांत मातकट होतो, तपकिरी नाहीतर कॉर्कसारखा दिसणारा घ्या.

नवी पेठेत जाणार असाल तर संध्याकाळी सहानंतर जा. उन्हासाठी तर आहेच, पण दिवसभर उभं राहून पाय संध्याकाळी थोडे सुजलेले असतात, तुमच्यासारख्या शिकवणाऱ्या बाईंचे तर जास्तच, आणि तेव्हा जी बसते ती खरी बसते. आणि हजारच्या आत असं अडून बसू नका. आधी हजारच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के लागायचा, आता २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० पर्यंतच्या चपला-बुटांवर ५ टक्केच आहे, त्यामुळं अकराशेची शिवलेली जोडी मिळत असेल तर नऊशेच्या चिकटवलेलीपेक्षा ती घ्या. किंमत जुनीच सांगत असतील तर विचारा की, लाजायचं काय त्यात.

अक्का, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, कॉलेजला आहे. ३०० रुपयांची मस्त राणी कलरची सँडल घेतली, दोन दिवसांत पाय पण राणी कलरचे झाले. मैत्रिणी हसतात. आणि पट्ट्याखाली खाज पण येते. आई म्हणते फेकून दे.

हसू मला पण आलं, सॉरी. तुझ्या भागात घराघरात सूत रंगवणारे, विणणारे आहेत, त्यातल्या कुणालाही विचार, कच्चा रंग म्हणजे काय ते तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. सँडलचा वरचा भाग रंगवताना रंग नीट पक्का केला नसेल, आतून अस्तर पण नसेल, तर घामानं तो सुटतो आणि कातडीवर बसतो. पायाचा रंग खोबरेल तेल लावून, दहा मिनिटं ठेवून, मग साबणानं धुतलास की बराचसा जाईल, उरलेला चार-पाच अंघोळीत. दगडानं घासू नकोस, रंग जायच्या आधी कातडी जाईल.

पुढच्या वेळी जाताना पर्समध्ये पांढरा रुमाल ठेव. एक कोपरा पाण्यानं ओला करायचा आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूनं, जिथं कातडीला लागतं तिथं, जोरात आठ-दहा वेळा घासायचा. रुमाल रंगला तर थँक्यू म्हणून निघायचं. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

खाजेचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. चपलेतला रंग, चिकटवायचा गोंद, रबरातली केमिकल, आणि चामडं असेल तर ते कमावताना वापरलेलं क्रोमियम, यातल्या कशाचीही ॲलर्जी काहींना असते. नेमका पट्ट्याच्या आकाराचा लाल चट्टा उठत असेल तर ती सँडल बंद कर, आठवड्यात गेला नाही तर स्किनच्या डॉक्टरांना दाखव, आणि जाताना सँडल पिशवीतून सोबत ने. थोडक्यात आईचं बरोबर आहे, फक्त डॉक्टरांना दाखवून झाल्यावर फेक.

ऑनलाइन मागवते तर कधी ५ नंबर बसतो, कधी ३८ पण घट्ट होतो. दोनदा परत केलं, आता मिस्टर ओरडतात. माझा नंबर नक्की काय?

तुमचा नंबर सेंटिमीटर आहे. बाकी सगळं विसरा. ५ हा ब्रिटिश पद्धतीचा नंबर, त्यात एका नंबरनं लांबी साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते, आणि ३८ हा युरोपचा, त्यात एका नंबरला साडेसहाच्या जरा वर, म्हणजे दोन्ही जिने वेगळ्या उंचीच्या पायऱ्यांचे, ते एकमेकांना तंतोतंत लागणारच नाहीत. सर्वसाधारण ५ म्हणजे ३८ धरतात, पण ते धरणंच आहे.

संध्याकाळी भिंतीला टाच लावून कागदावर उभ्या राहा, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा, मोजा. दोन्ही पाय मोजा कारण एक हमखास मोठा निघतो, आणि त्या मोठ्याचा आकडा साइट्सवर जो सेंटिमीटरचा तक्ता असतो त्याच्याशी लावा. लांबी बरोबर असून पण घट्ट होत असेल तर प्रश्न रुंदीचा आहे, आपल्याकडच्या बऱ्याच जणींचा पंजा रुंद असतो आणि ते टोकदार बेली शूज काही त्यासाठी बनवलेले नसतात. गोल किंवा चौकोनी तोंडाचे बघा, नाहीतर बक्कलवाली. मिस्टरांच्या ओरडण्यावर या सदरात उपाय नाही.

रंगीत कोल्हापुरी उन्हाळ्यासाठी कशी? मला रस्त्यावर २५० ला हिरवी मिळत होती, ती खरी असते का?

२५० ला खरी नाही हो. हिरवी असेल, चप्पल पण असेल, कोल्हापुरी नसेल. रेक्झिनवर कोल्हापुरीचा ठसा मारलेला असतो.

यात आपल्याला जरा ताठ मानेनं बोलायला जागा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे ही वस्तू याच भागाची असा सरकारी शिक्का, मिळालं ते एकट्या कोल्हापूरला नाही, महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत त्यात, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर, आणि चार कर्नाटकातले, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे चादरीइतकाच या चपलेवर पण आपला हक्क आहे, पण आपण ती घ्यायला महालक्ष्मीच्या दर्शनाची वाट बघतो! जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या ब्रँडनं तसल्याच चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला तेव्हा कुठं माझ्या भाचीनं आजीची जुनी जोडी माळ्यावरून काढली.

खरी ओळखायची कशी, तर कडेनं बघा, चामड्याचे थर एकावर एक दिसतात. खिळा नसतो, सगळी हाताची शिवण. चामडं बाभळीची साल, हिरडा यांत कमावलेलं असतं, त्यामुळं वास कडवट मातकट येतो, प्लॅस्टिकसारखा येत नाही. हातात घेतली की वजन कळतं. उन्हाळ्याला यासारखी गोष्ट नाही, चामडं घाम पितं, तळपाय भाजत नाही, रेक्झिनमध्ये नुसतं पचपचतं. रंगात राणी, मोरपंखी, हळदी सगळं येतं आता, वरच्या पट्ट्याला रंग आणि खाली मूळचं चामडं अशी घ्या, अख्खी रंगवलेली पावलाखाली लवकर झिजून टक्कल पडल्यासारखी दिसते.

पहिले आठ दिवस ती चावणार. अंगठ्याच्या वादीला आणि पट्ट्याला आतून खोबरेल तेल लावा, रात्रभर ठेवा, घरातल्या घरात तासभर घालून फिरा. नवी कोरी घालून सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत फिरणारी एक बाई मला माहितीय, तिचं नाव मी सांगणार नाही, ती हे सदर लिहिते. आणि वळवाचा पाऊस आला की काढून पिशवीत घाला, भिजवू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात कडक होऊन तडकते.

आईला (वय ६४) शुगर आहे, तिला पण रंगीत हवी म्हणते. अंगठ्याची साधी स्लिपर चालेल का?

हवी म्हणतात ना, मग घ्याच, या वयात स्वतःहून रंग मागतात म्हणजे किती छान. पण स्लिपर नको. बऱ्याच वर्षांची शुगर असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, अंगठ्यात वादी रुतून फोड आला किंवा स्लिपर पायातून निसटून गेली तरी कळत नाही. पुढून बंद किंवा रुंद पट्ट्यांची, मागं टाचेला पट्टा असलेली, वेल्क्रोवाली आणि आत मऊ तळ, अशी बघा, या डॉक्टरी चपला म्हणून जी घाणेरडी चॉकलेटी दाखवतात तीच घ्यायची गरज नाही, जांभळ्या, गाजरी मिळतात, जरा हट्टानं मागा. घेताना आत हात घालून कुठं शिवण टोचतीय का ते तुम्ही बघा, त्यांना विचारू नका, त्या नाही म्हणतील.

आणि दुपारी देवळात जायचं असेल तर अनवाणी फरशीवर त्यांना चालू देऊ नका. तापलेल्या दगडानं भाजतं आणि घरी आल्यावर फोड बघून कळतं, असं आमच्याच घरात झालंय. सिद्धेश्वराचं दर्शन सकाळी सातला घ्या, तळ्यावरून वारं पण छान येतं. रोज रात्री तळपाय एकदा उजेडात बघा.

ताई, फक्त एक विचारते. लेकीचे पिवळे क्लॉग्स धुवून गच्चीवर वाळत घातले, संध्याकाळी काढले तर बसेनात. माझा भास आहे का?

भास नाही, आटलेत. ते हलके फोमसारखे असतात ना, ईव्हीए म्हणतात त्याला, ते जास्त उष्णतेनं आकसतं. आपल्या मेमधली गच्ची म्हणजे तवाच. धुतल्यावर आत पंख्याखाली ठेवायचे, उन्हातल्या गाडीत पण सोडायचे नाहीत. आता ते परत वाढणार नाहीत, धाकटीला द्या. धाकटी नसेल तर शेजारी विचारा, पिवळे आहेत म्हणजे कुणीही घेईल.