पहिल्या बैठकीआधी

शनिवारी बिअर-व्हिस्की चाखायला येतोयस ना, मग पोटात आधी काहीतरी घालून ये. क्रम हलक्याकडून जडाकडे: गव्हाची बिअर, मग आयपीए (कडवट बिअर), स्टाउट (काळी, जड बिअर) शेवटी. उलटं केलंस तर हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा जिभेवर बसतो आणि गव्हाच्या बिअरमधला केळं-लवंगेचा वास कळतच नाही. पूर्ण ग्लासाऐवजी आधी छोटे सॅम्पलर माग, कुणी हसत नाही. आंब्याची हंगामी बिअर दिसली तर सोडू नकोस, पिंप संपलं की थेट पुढच्या उन्हाळ्यात.

व्हिस्कीला (महाराष्ट्रात वय २५ पूर्ण हवं, सौम्य बिअरला २१) निमुळत्या तोंडाचा ग्लास घे. नाक आत खुपसू नकोस. तोंड किंचित उघडं ठेवून वास घे. एक घोट तसाच, मग चार थेंब पाणी. बर्फाने वास दबतो. बंगळुरूच्या हवेत पिंपातली दहाएक टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते, स्कॉटलंडमध्ये दोनेक टक्के. त्याच उबदार हवेमुळे बंगळुरूच्या अमृतसारखी आपली माल्ट (मोड आणलेल्या जवाची व्हिस्की) कमी वर्षांत मुरते. बाटलीवरचं वय बघून नाक मुरडणारे भेटतील, त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. धुरकट पीटेड (पीट जाळून त्याच्या धुरात जव वाळवलेली व्हिस्की) सगळ्यात शेवटी. आणि गाडी घरीच ठेव, रिक्षाने ये.