रिकी नेल्सनचा १९५७चा ‘रिकी’ हा अल्बम आज ऐकण्यासारखा आहे का?

हो, ऐकाच. फक्त बाराही गाण्यांकडून सारखीच अपेक्षा ठेवू नका.

टीव्हीवरच्या एका देखण्या पोराला गायक म्हणून पुढे आणलं, मग त्या अल्बममध्ये खरा रॉक अँड रोल कितीसा असणार, अशी शंका तुम्ही विचारली आहे. पोराला पुढे आणलं हे खरं. पण त्या पोराला हे संगीत जिवापाड आवडत होतं, हेही तितकंच खरं. या अल्बमात दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ऐकू येतात.

रिकी अमेरिकेत घराघरात माहीत होता तो ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ ऑझी अँड हॅरिएट’ या मालिकेमुळे. आधी रेडिओवर आणि १९५२पासून टीव्हीवर चाललेल्या या मालिकेत नेल्सन कुटुंब स्वतःच्याच भूमिका करायचं. वडील ऑझी मूळचे बँडलीडर, आई हॅरिएट त्यांच्याच बँडची गायिका. एप्रिल १९५७मध्ये मालिकेच्या एका भागात सोळा वर्षांच्या रिकीने रॉक अँड रोल गायक फॅट्स डॉमिनोचं ‘आय ॲम वॉकिन’ गायलं, आणि वर्व्ह कंपनीची ती रेकॉर्ड धडाक्यात खपली. त्याच वर्षी डॉमिनोचं मूळ गाणंही गाजत होतं. मूळ गाणं आजही कितीतरी सरस वाटतं. पण कृष्णवर्णीय डॉमिनोला दर आठवड्याला देशभरच्या दिवाणखान्यांत पोचवणारी मालिका नव्हती, रिकीला ती घरचीच होती. तुमच्या शंकेचं मूळ इथे आहे आणि ती अगदी रास्त आहे.

पुढे मानधनावरून वर्व्हशी बिनसलं आणि ऑझींनी मुलाला इम्पीरियल कंपनीकडे नेलं. ही तर डॉमिनोचीच कंपनी! तिथे ‘बी-बॉप बेबी’ हे गाणं लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, वर्ष संपता संपता ‘रिकी’ हा अल्बम आला आणि जानेवारी १९५८मध्ये तो बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या अल्बमच्या यादीत अव्वल ठरला. तेव्हा रिकी होता सतरा वर्षांचा.

आता गाण्यांकडे वळू. ‘ॲम आय ब्लू’, ‘आय ॲम कन्फेसिन’, ‘ट्रू लव्ह’ ही गाणी रॉक अँड रोलची नव्हेतच. पहिली दोन तर आईवडिलांच्या तरुणपणातली, आणि तिसरं संगीतकार कोल पोर्टरचं, सिनेमासाठी लिहिलेलं. मोठ्यांनाही रेकॉर्ड घ्यावीशी वाटावी म्हणून ती घेतली असावीत, असा माझा अंदाज आहे. रिकी ती नीट गातो, पण त्यात तो कुठेच दिसत नाही. ‘होल लॉट्टा शेकिन गोइंग ऑन’ची अडचण वेगळी. जेरी ली लुईसने त्याच वर्षी त्या गाण्यात जो वणवा पेटवला होता, तो रिकीच्या गळ्याला झेपणारा नव्हता. ही चार गाणी सोडून दिलीत तरी चालेल.

पण ‘बॉपिन द ब्लूज’ आणि ‘युअर ट्रू लव्ह’ मात्र चुकवू नका. दोन्ही मूळची गायक कार्ल पर्किन्सची, मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या कंपनीने काढलेली. रिकीला पर्किन्ससारखं गायचं होतं, हेच त्याचं वेड होतं, आणि या दोन गाण्यांत ते लपत नाही. त्याच्या आवाजाचा पल्ला लहान, वरच्या पट्टीत तो जात नाही, ओरडत तर अजिबात नाही. पण ठेक्यावर तो पक्का बसतो आणि शब्द सहज, बोलल्यासारखे सोडतो. हा संयम पुढे त्याची ओळखच बनला. एल्विस प्रेस्लीची नक्कल करणाऱ्या त्या काळच्या गायकांची मोठी रांग होती, आणि मला वाटतं रिकी त्यांच्यातून वेगळा उठून दिसला तो या शांतपणामुळेच. ‘इफ यू कान्ट रॉक मी’ही याच कारणासाठी ऐका.

इम्पीरियलच्या त्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारवर ‘जो मॅफिस’ नावाचा वादक होता. हात अतिशय तयार, पण वयाने बराच मोठा. रिकीला हवे होते आपल्याच वयाचे वादक. ते त्याला इम्पीरियलच्याच कचेरीत सापडले. बॉब लूमन नावाच्या गायकाबरोबर तालीम करणारे गिटारवादक जेम्स बर्टन आणि बेसवादक जेम्स कर्कलंड त्याच्या कानी पडले आणि त्याने त्यांना मालिकेत बोलावून घेतलं. लुईझियानातून आलेला बर्टन तेव्हा अठरा वर्षांचा होता. काही काळ तो नेल्सन कुटुंबाच्या घरीच राहिला. हाच बर्टन १९६९पासून एल्विस प्रेस्लीच्या बँडचा मुख्य गिटारवादक झाला.

म्हणून ‘रिकी’ ऐकून झाल्यावर लगेच १९५८चं ‘बिलिव्ह व्हॉट यू से’ लावा. मधली बर्टनची गिटार कान देऊन ऐका. तारा ताणून काढलेले ते सूर आणि त्यावर रिकीचा तोच संथ आवाज. पहिल्या अल्बममध्ये ज्याची नुसती ओढ जाणवते, ते इथे काही महिन्यांत हाती आलेलं आहे. मग ‘रिकी नेल्सन’ हा दुसरा अल्बम घ्या. त्यातलं ‘पुअर लिटल फूल’ ऑगस्ट १९५८मध्ये बिलबोर्ड हॉट १००च्या पहिल्याच यादीत पहिलं आलं, पण मी तुम्हाला आधी त्यातलं ‘शर्ली ली’ ऐकायला सांगेन.