पहिला म्युझिक प्लेअर घेताय? आधी बटणं बघा

भाऊ, पहिल्यांदाच घेताय तर फार खोलात शिरू नका. रात्री मोटार चालू करून बांधावर बसायचं किंवा परभणीहून संभाजीनगरला जाताना एसटीत भजनं ऐकायची, एवढ्यासाठी साधा प्लेअर भरपूर झाला.

सगळ्यात आधी बटणं. टचस्क्रीन नकोच, खिशात हात घालून, न बघता गाणं बदलता आलं पाहिजे. मग दुकानातच हेडफोनची पिन खोचून हळूच फिरवा. खरखर आली की दुसरा नग मागा. मराठीत नाव लिहिलेलं एखादं गाणंही कार्डात घेऊन जा. पुष्कळ स्वस्त प्लेअरवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

नवे लोक हमखास फसतात ते मेमरी कार्डात. बरेच साधे प्लेअर ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड घेतात. मोठं कार्ड मातीमोल भावात मिळत असेल तर ते बहुतेक नकली, गाणी मध्येच गायब होतात. ३२ जीबी कमी वाटतं का? ३२० केबीपीएसची, म्हणजे वरच्या दर्जाची एमपीथ्री मिनिटाला साधारण २.४ एमबी घेते, म्हणजे दोनशे तासांहून जास्त गाणी मावतात!

फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या गाण्यांच्या मोठ्या फायली) आणि डॅक (डिजिटल गाण्याचा आवाजात बदल करणारी चिप) सध्या सोडा. वाचलेले पैसे चांगल्या इअरफोनला घाला, फरक तिथंच ऐकू येतो.