‘कँडिडेट’मधला पांढरा रंग

‘कँडिडेट’ म्हणजे उमेदवार आणि ‘कँडिड’ म्हणजे आडपडदा न ठेवणारा. तेव्हा उमेदवार प्रामाणिक असावा या अपेक्षेतून पहिला शब्द घडला का, अशी विचारणा झाली आहे. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे हे खरे, पण ‘कँडिडेट’चा संबंध उमेदवाराच्या मनाशी नसून त्याच्या कपड्यांशी आहे.

लॅटिनमधील ‘कान्दिदुस’ म्हणजे नुसता पांढरा नव्हे, तर झळाळता शुभ्र. निस्तेज पांढऱ्यासाठी ‘आल्बुस’ हा वेगळा शब्द होता. रोमन नागरिकाचा टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे लांब वस्त्र, एरवी लोकरीच्या नैसर्गिक रंगाचा असे, पण निवडणुकीला उभा राहणारा तो खडूने लखलखीत करून घेई आणि गर्दीत उठून दिसेल अशा बेताने लोकांना भेटत फिरे. त्याला ‘कान्दिदातुस’, म्हणजे ‘शुभ्रवस्त्रधारी’, म्हणत. इ.स.पू. 432 मध्ये उमेदवारांनी कपडे असे पांढरे करू नयेत असा कायदा झाल्याचे लिव्ही हा इतिहासकार सांगतो. तरीही सिसेरो या रोमन वक्त्याच्या काळात, म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही, उमेदवार शुभ्र टोग्यातच वावरत होते, यावरून त्या कायद्याचे काय झाले असावे ते कळते.

‘कँडिड’ची वाट निराळी. सतराव्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ पांढरा, मग निर्मळ, निःपक्षपाती असा होता. अठराव्या शतकात तर ज्याच्या मनात किल्मिष नाही, जो दुसऱ्याचे दोष शोधत बसत नाही, तो ‘कँडिड’ ठरे. आज नेमके उलटे झाले आहे: तुमचे दोष तोंडावर सांगणाऱ्यालाच आपण ‘कँडिड’ म्हणतो. लग्नातला ‘कँडिड’ फोटो हा त्याचाच पुढचा टप्पा, मग नवरीने त्यासाठी चार वेळा मान वळवलेली का असेना.

या शब्दांमागचे ‘कान्देरे’, म्हणजे चमकणे, हे क्रियापद संस्कृत ‘चन्द्र’ शब्दाचे सगोत्र आहे. वैदिक संस्कृतात त्याचे ‘श्चन्द्र’ असेही रूप आढळते, आणि ‘हरिश्चंद्र’ या नावातला ‘श्’ हा त्याचाच अवशेष आहे.

आपला ‘उमेदवार’ मात्र फारसीतून आलेला, उमेद म्हणजे आशा बाळगणारा. पूर्वी पुढेमागे नोकरी मिळेल या आशेवर कचेरीत बिनपगारी राबणाऱ्यालाही उमेदवारच म्हणत, आणि ‘उमेदवारीचे दिवस’ या प्रयोगात तो अर्थ अजून टिकून आहे.